साडेपाच तासांचा घोळ: विंडोजशेजारी लिनक्स बसवल्यावर घड्याळ पुन्हा पुन्हा का चुकते

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि ज्यांचे लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, अशा बऱ्याच जणांनी इंदूरमध्ये आमच्या ओळखीपाळखीत लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे विंडोजप्रमाणेच संगणक चालवणाऱ्या प्रणालीची, वाट धरली. त्यांतील बहुतेकांनी विंडोज काढून न टाकता त्याच्या शेजारीच मिंट बसवून घेतले. नवख्या माणसाने असेच करावे, हे माझेही मत आहे. परंतु या मांडणीत एक तक्रार इतक्या नियमाने येते, की तिचे उत्तर दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे, असे वाटले. तक्रार अशी: मिंट वापरून झाल्यावर विंडोज सुरू केले की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले असते, ते दुरुस्त करावे, दिवसभर ठीक चालते, आणि पुन्हा एकदा मिंटमध्ये जाऊन आले की पुन्हा साडेपाच तास मागे.

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांच्या लॅपटॉपवर मी हे प्रथम नीट पाहिले. सकाळी आठच्या सुमारास, म्हणजे घरात पोहे-जलेबी येण्याच्या वेळेला, त्यांच्या पडद्यावर रात्रीचे अडीच वाजलेले होते. काका बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे घरखर्चाचा हिशेब रोज पहाटे पाच वाजता उठून विंडोजमधील तक्त्यात लिहितात आणि आजची तारीख कीबोर्डवरील दोन कळा दाबून घालतात. पहाटे पाचातून साडेपाच तास वजा केले की आदल्या रात्रीचे साडेअकरा होतात. त्यामुळे तीन आठवड्यांच्या नोंदी एकेक दिवस आधीच्या तारखेला पडल्या होत्या आणि त्यांचा पासबुकाशी मेळ बसेना. "तुझ्या या लिनक्सने माझ्या चांगल्या विंडोजचं वाटोळं केलं," असे त्यांनी मला ऐकवले. त्यांचा राग समजण्यासारखा होता, मात्र आरोप अर्धाच खरा होता.

त्याआधी त्यांनी लॅपटॉप एका दुकानात नेला होता. तेथे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला आहे असे सांगून तो बदलण्यात आला आणि त्याचे पैसेही घेतले गेले. सेल बदलताना दुकानदाराने घड्याळ हाताने लावले असणार, त्यामुळे एक दिवस वेळ बरोबर राहिली. दुसऱ्या दिवशी काका मिंटमध्ये गेले आणि मूळ दुखणे परत आले. सेल संपणे हे घड्याळ चुकण्याचे खरे कारण असू शकते, हे नाकारता येत नाही. परंतु संपलेला सेल कधीही नेमके साडेपाच तास चुकत नाही. म्हणून कोणतीही दुरुस्ती करण्याआधी मनगटावरचे घड्याळ किंवा मोबाइल समोर ठेवून फरक किती आहे, तो मिनिटापर्यंत मोजावा. या दुखण्याचे निम्मे निदान त्या एका आकड्यात असते.

फरक काय सांगतो

फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा असेल, तर दोन ऑपरेटिंग सिस्टिमांमध्ये वेळेच्या नोंदीविषयी एकमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढील सर्व विवेचन त्याविषयी आहे. फरक १२ तास ३० मिनिटे किंवा १३ तास ३० मिनिटे असेल, तर विंडोज नव्याने बसवताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा कालविभाग तसाच राहून गेला आहे, असे समजावे. उन्हाळ्यात पहिला आकडा येतो आणि हिवाळ्यात दुसरा. मिंटमध्ये घड्याळ १५ मिनिटे पुढे दिसत असेल, तर मिंट बसवताना जगाच्या नकाशावर टिचकी मारताना ती काठमांडूवर पडली. अर्धा तास पुढे असेल तर ढाक्यावर, अर्धा तास मागे असेल तर कराचीवर. हा घोटाळा फार सहज होतो, कारण त्या नकाशावर इंदूर शोधून सापडत नाही; सबंध भारतासाठी कोलकाता हे एकच नाव असते. असे झाले असल्यास मिंटच्या सेटिंगमधील तारीख आणि वेळेच्या खिडकीत जाऊन कोलकाता निवडावे, एवढे पुरते.

आणि फरक दर वेळी वेगळाच निघत असेल, वर्ष मागे जाऊन लॅपटॉप तयार झाला त्या सुमाराचे दिसत असेल, किंवा रात्रभर चार्जर काढून ठेवल्यावरच चूक होत असेल, तर मात्र सेलवर संशय घ्यावा. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत हा सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो आणि तो घरीही बदलता येतो. लॅपटॉपमध्ये तो पुष्कळदा तारेने जोडलेला असतो, म्हणून तेथे स्वतः हात न घातलेला बरा.

दोघांचेही बरोबर, तरी वेळ चूक

संगणक बंद असतानाही वेळ मोजत राहणारे एक लहानसे घड्याळ मदरबोर्डवर असते; त्याला आरटीसी म्हणतात. त्या घड्याळात तास, मिनिटे, दिवस, महिना, वर्ष एवढेच आकडे असतात. ते आकडे कोणत्या देशाच्या वेळेचे आहेत, ही नोंद त्यात नसते. सगळ्या भानगडीचे मूळ येथे आहे.

१९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एटी या संगणकात बॅटरीवर चालणारे असे घड्याळ आधीपासून बसवून मिळू लागले, तेव्हा डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमने त्यातील आकडा म्हणजे टेबलावरच्या घड्याळातील स्थानिक वेळ, असे सरळ धरले. एका माणसाचा एक संगणक, तो एकाच गावात. त्या काळी यात काही चुकीचे नव्हते. विंडोजने जुन्या कार्यक्रमांशी जुळते राहावे म्हणून तीच रीत पुढे चालवली. लिनक्सचा वारसा युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. तेथे वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून जागतिक वेळेप्रमाणे मोजलेले सेकंद, आणि स्थानिक वेळ ही केवळ माणसाला दाखवण्यापुरती त्यात भर घालून काढायची. म्हणून लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे.

आता काकांच्या सकाळी आठची गोष्ट पाहू. मिंट सुरू होऊन वाय-फाय जोडले गेले की ते इंटरनेटवरून अचूक वेळ घेते आणि त्यानंतर साधारण दर ११ मिनिटांनी लिनक्सचा गाभा ती वेळ मदरबोर्डच्या घड्याळात उतरवत राहतो. उतरवताना ती जागतिक वेळेत उतरवतो, म्हणजे आठ वाजता तेथे अडीच लिहिले जातात. मग काका विंडोज सुरू करतात. विंडोज तोच आकडा वाचते, त्याला स्थानिक वेळ समजते आणि अडीच वाजल्याचे दाखवते. उलट विंडोजने इंटरनेटवरून वेळ सुधारून तेथे आठ लिहिले आणि त्यानंतर मिंट सुरू केले, तर मिंट त्या आठांना जागतिक वेळ समजून त्यांत साडेपाच तास मिळवते आणि दुपारचा दीड दाखवते. परंतु मिंट ही चूक वाय-फाय मिळताच काही सेकंदांत स्वतः सुधारून टाकते, विंडोज मात्र तितकी घाई करत नाही. त्यामुळे दोघांपैकी बिघडलेले दिसते ते नेहमी विंडोजच. वाय-फाय बंद ठेवून मिंट सुरू करून पाहिल्यास तेही तितकेच चुकते, हे लगेच ध्यानात येईल.

इंदूरच्या वाचकाला हे खरे तर नवल वाटू नये. येथून ५०-५५ किलोमीटरवरचे उज्जैन हे भारतीय ज्योतिषात शून्य रेखांशाचे ठिकाण. पंचांगकर्त्यांची गणिते तेथून सुरू होत. सूर्याप्रमाणे पाहिले तर उज्जैनची वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे येते. ८२.५ अंश रेखांशावरची एक वेळ सगळ्या देशाला लागू करण्याचा प्रारंभ १ जानेवारी १९०६ रोजी झाला, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे सोडली नाही. त्या काळच्या मुंबईत कोणी "नऊ वाजता या" असे म्हटले, की कोणते नऊ, हे विचारावे लागत असणार. विंडोज आणि मिंट हा प्रश्न एकमेकांना विचारत नाहीत.

तिसऱ्या घड्याळाची साक्ष

निदान पक्के करण्यासाठी संगणक चालू करताच, कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी, बायोसच्या पडद्यावर जावे. त्यासाठी कोणत्या संगणकावर एफ-२, कोणावर एफ-१०, तर कोणावर डिलीट ही कळ दाबावी लागते. तेथे दिसणारी वेळ हीच मदरबोर्डच्या घड्याळातील खरी नोंद. मिंट वापरून आल्यानंतर ती मनगटी घड्याळाच्या बरोबर साडेपाच तास मागे असेल, तर वर सांगितलेलेच कारण आहे, यात शंका उरत नाही. तेथे वेळ बदलू मात्र नये. दुकानदाराने नेमके तेच केले होते आणि त्याचा परिणाम एक दिवस टिकला.

आणखी दोन उपाय लोक करताना मी पाहिले आहेत आणि दोन्ही टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला, विंडोजमध्ये दर वेळी हाताने वेळ लावत राहणे. यात मध्येच विसर पडतो, आणि साडेपाच तास मागे चालणाऱ्या घड्याळात जतन केलेली फाइल ही आदल्या प्रतीपेक्षा जुनी दिसू लागते, त्यामुळे इंटरनेटवर प्रती साठवणाऱ्या सेवेचा गोंधळ उडू शकतो. संगणकावरच दर ३० सेकंदांनी बदलणारे सुरक्षा-संकेतांक तयार करणारे ॲप असेल, तर त्याचे आकडेही नाकारले जातात. दुसरा उपाय जरा चलाख माणसांचा: मिंटला आपण लंडनजवळ राहतो असे खोटेच सांगून आकडा जुळवून घेणे. घड्याळ बरोबर दिसते, पण ई-मेलच्या आणि भेटींच्या वेळा वाकड्या होतात, आणि पुढच्या वेळी इंटरनेटवरून वेळ जुळली की पुन्हा सगळे विस्कटते.

दुरुस्ती: एकाच बाजूला

दोघांपैकी कोणा एकाने दुसऱ्याची रीत मान्य केली की प्रश्न मिटतो. नवख्या माणसाने मिंटला विंडोजची रीत शिकवावी, कारण त्यासाठी एक ओळीची आज्ञा पुरते आणि ती मागेही घेता येते.

प्रथम मिंट सुरू करून वाय-फाय जोडावे आणि मिंटमधील घड्याळ मोबाइलशी जुळते आहे, याची खात्री करावी. ही पायरी गाळू नये, कारण पुढील आज्ञा मिंटच्या घड्याळातील वेळ मदरबोर्डवर लिहिणार आहे. त्यानंतर कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकत्र दाबल्या की टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडते. तिला घाबरण्याचे कारण नाही. जे आपण माऊसने दाखवतो, तेच येथे लिहून सांगायचे असते.

आज्ञा मी येथे फोनवर सांगतो तशीच सांगतो. सगळी अक्षरे इंग्रजी आणि लहान लिपीतील. 'टाइम' आणि 'डेट' हे दोन शब्द आणि त्यापुढे सी, टी, एल ही अक्षरे, मध्ये कोठेही जागा न सोडता सलग लिहावीत. एवढेच लिहून एंटर दाबल्यास सात-आठ ओळींचा अहवाल येतो. त्यात स्थानिक वेळ, जागतिक वेळ, आरटीसीची वेळ आणि कालविभाग दिसतात. कालविभागापुढे आशिया आणि कोलकाता ही नावे असली पाहिजेत. शेवटच्या ओळीत आरटीसी स्थानिक वेळेत आहे का, या प्रश्नापुढे 'नो' असे उत्तर दिसेल. आपल्याला ते 'येस' करायचे आहे.

त्यासाठी तोच सलग शब्द पुन्हा लिहून एक जागा सोडावी. मग 'सेट', लहान आडवी रेघ, 'लोकल', पुन्हा लहान आडवी रेघ, आणि आर, टी, सी ही अक्षरे, हे सर्व जागा न सोडता लिहावे. मग एक जागा सोडून एकचा आकडा घालावा आणि एंटर दाबावे. पासवर्ड विचारणारी खिडकी आल्यास मिंटमध्ये शिरताना देतो तोच पासवर्ड द्यावा. आज्ञा यशस्वी झाली तर टर्मिनल काहीच बोलत नाही. नवख्या माणसाला ही शांतता बिघाडासारखी वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो की लिनक्समध्ये शांतता हे होकाराचे लक्षण आहे.

येथे मराठी लिहिणाऱ्यांची एक खास अडचण येते. ज्यांनी मिंटमध्ये मराठी कीबोर्ड लावून घेतला आहे, त्यांना अक्षरे देवनागरी पडली तर लगेच कळते, पण शेवटचा आकडा देवनागरी पडलेला लक्षात येत नाही आणि आज्ञा फसते. मामींच्या लॅपटॉपवर मी या एका आकड्यापायी पंधरा मिनिटे घालवली. टर्मिनलमध्ये शिरण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा इंग्रजी आहे, हे पाहून घ्यावे.

आता पहिला अहवाल पुन्हा मागवला, तर शेवटच्या ओळीत 'येस' दिसेल आणि तिच्याखाली एक लांबलचक इशाराही दिसेल. ही रीत पूर्णपणे समर्थित नाही, कालविभाग बदलताना आणि उन्हाळी वेळेच्या बदलात अडचणी येतील, असे त्यात म्हटलेले असते. तो वाचून अनेकांनी केलेली दुरुस्ती मागे घेतली, म्हणून त्याचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळे तासाने पुढे-मागे होतात, आणि दोन ऑपरेटिंग सिस्टिमा असतील तर दोन्ही आपापल्या परीने तो तास बदलून घड्याळ एकाऐवजी दोन तास सरकवू शकतात. तो इशारा त्या लोकांसाठी आहे. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४२ ते १९४५ दरम्यान घड्याळे तासभर पुढे केलेली होती, पण आज आपल्याकडे असा ऋतुबदल नाही. ज्याचा लॅपटॉप इंदूरमध्येच राहणार आहे, त्याने या इशाऱ्याची चिंता करू नये.

ज्यांचा लॅपटॉप परदेशी प्रवास करतो, किंवा ज्यांनी एकाच यंत्रावर तीन-चार निरनिराळी लिनक्स बसवली आहेत, त्यांच्यासाठी उलट बाजू अधिक योग्य, म्हणजे विंडोजलाच जागतिक वेळ मानायला लावणे. त्यासाठी रजिस्ट्री एडिटरमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदी बदलण्याच्या साधनात, लोकल मशीनच्या शाखेत सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि टाइम झोन इन्फर्मेशन असे क्रमाने खाली उतरावे आणि 'रिअल', 'टाइम', 'इज', 'युनिव्हर्सल' हे चार इंग्रजी शब्द सलग जोडून त्या नावाची ३२-बिट डीवर्ड नोंद तयार करून तिची किंमत एक ठेवावी. नंतर संगणक 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करावा. विंडोजमधील जलद सुरुवातीची सोय चालू असेल, तर शट डाउनमध्ये ते पुरते बंद होत नाही आणि बदल लागू झाला नाही, असा भास होतो. रजिस्ट्रीत चुकीच्या जागी हात लागला तर विंडोज सुरूच न होण्यापर्यंत मजल जाते, म्हणून पहिल्याच महिन्यात हे करण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

मात्र दोन्ही उपाय एकत्र करू नयेत. एका गृहस्थांनी खबरदारी म्हणून दोन्ही बाजू दुरुस्त केल्या. विंडोज जागतिक वेळ लिहू लागले आणि मिंट तिला स्थानिक वेळ समजू लागले, म्हणजे भांडण तेच राहिले, फक्त आता वाय-फायशिवाय सुरू केलेले मिंट साडेपाच तास मागे दिसू लागले. त्यांच्याकडे मिंटमधील तीच आज्ञा शेवटी एकच्या जागी शून्य लिहून चालवली आणि प्रश्न सुटला.

दुरुस्ती झाली की नाही, हे तपासतानाही एक काळजी घ्यावी. मिंटमधून विंडोजमध्ये, तेथून परत मिंटमध्ये, अशी फेरी मारावी आणि ती घरचे वाय-फाय बंद ठेवून मारावी. ते चालू असेल तर इंटरनेटवरून येणारी वेळ चूक झाकून टाकते आणि बरे झाल्याचा खोटा दिलासा मिळतो. फेरीच्या शेवटी बायोसमधील घड्याळही भारतीय वेळ दाखवत असेल, तर काम झाले. पहिल्या फेरीत विंडोज अद्याप मागे दिसल्यास त्याच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमधील 'सिंक नाऊ' हे बटण इंटरनेट जोडून एकदाच दाबावे.

लिनक्स न बसवता केवळ पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले, तरीही विंडोजचे घड्याळ असेच मागे गेलेले सापडू शकते, कारण पेन ड्राइव्हवरील लिनक्सही इंटरनेट मिळाल्यास मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहिते. तेथे वरील कोणतीही दुरुस्ती लागत नाही. 'सिंक नाऊ' पुरते.

मिंट पुढच्या आवृत्तीवर चढवले तरी ही निवड टिकते, पण सगळे पुसून नव्याने बसवले तर आज्ञा पुन्हा द्यावी लागते. काकांनी ती आपल्या वळणदार अक्षरात एका कागदावर उतरवून लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिकटवली आहे, शेवटच्या एकाभोवती लाल शाईने गोल काढून आणि शेजारी "इंग्रजीच" असे लिहून. तीन आठवड्यांच्या तारखा मात्र त्यांना पासबुक घेऊन एकेक करून सुधाराव्या लागल्या.